आलेले मोजतो, गेलेले कोण मोजणार?

सीमाभागातील कोणत्याही मराठी बैठकीत, मग ती वाचनालयाची असो, पतसंस्थेची असो वा लग्नमंडपातील पंगत बसण्यापूर्वीची असो, एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘बाहेरचे आले आणि गाव आपले राहिले नाही.’ हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले आहे, की त्याचा पुरावा मागणे हा आता उद्धटपणा ठरतो. तो उद्धटपणा आम्ही येथे करणार आहोत. आमचे म्हणणे असे, की हे वाक्य इतिहास म्हणून चुकीचे, हिशेब म्हणून अपुरे आणि धोरण म्हणून आत्मघातकी आहे. बेळगाव-निपाणीचा चेहरा बदलला हे खरे. परंतु आमच्या मते तो आलेल्यांनी बदलला त्याहून अधिक गेलेल्यांनी बदलला, आणि हे गेलेले आपल्याच घरांतले आहेत.

प्रथम इतिहास पाहू. बेळगावास लष्करी छावणी पडली ती १८३२ च्या सुमारास. छावणीबरोबर धान्याचे पुरवठेदार आले, शिंपी आले, धोबी आले, मद्रासकडील आणि उत्तरेकडील व्यापारी आले. छावणीच्या पलीकडे शहापूर. ते १९४८ पर्यंत सांगली संस्थानचे. एका गावाची हद्द संपते तेथे दुसऱ्या राज्याची पेठ सुरू होते, असा हा प्रकार होता. तेथील विणकर, रंगारी, सराफ आणि अडते हे सारे एकाच मुलखातून वा एकाच भाषेतून आलेले नव्हते. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावचे बंदर वेंगुर्ले होते. आंबोलीच्या घाटाने माल खाली उतरे आणि त्याच वाटेने कोकणातील माणसे वर चढत. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेचे रूळ आले, वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला आणि लोंढ्यासारखे जंगलातले ठिकाण बहुभाषिक रेल्वेगाव होऊन बसले. गोव्यात पोर्तुगीज राजवट असताना तेथील मुले शिक्षणासाठी आणि मुक्तिसैनिक आश्रयासाठी बेळगावास येत. त्यांतील कितीतरी घराणी १९६१ नंतरही येथेच राहिली.

निपाणीचेही तसेच. उत्तर पेशवाईत सिधोजीराव निंबाळकरांच्या काळात या ठाण्याला महत्त्व आले. पण आज आपण ज्याला निपाणी म्हणतो ते गाव तंबाखूने घडविले. पिकविणारा शेतकरी भोवतालच्या खेड्यांतला, विकत घेणारा व्यापारी पुष्कळदा गुजराती वा मारवाडी, आणि वखारीत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या स्त्रिया पंचक्रोशीतून पायी येणाऱ्या. यांतील एकही पाय काढून घेतला तर निपाणी उभी राहत नाही.

आणि आपण स्वतः? आपल्या घराण्यांचे मूळ शोधायचे तर सनदा व बखरी उघडण्याची गरज नाही, कुलदैवताचे गाव विचारावे. कोणी मंगेशीस जातो, कोणी कवळ्याच्या शांतादुर्गेस, कोणी वाडी रत्नागिरीच्या जोतिबास, कोणी तुळजापुरास, तर कोणी सौंदत्तीच्या यल्लम्मास. कुलदैवत एका गावी आणि देवघर दुसऱ्या गावी, यालाच साध्या भाषेत स्थलांतर म्हणतात. मंगेशाने तर स्वतः १५६० मध्ये कुशस्थळी सोडून प्रियोळात वस्ती केली. ज्यांच्या देवालाही एका रात्रीत गाव सोडावे लागले, त्यांनी दुसऱ्याच्या बोचक्याकडे बोट दाखवू नये, एवढा विवेक तरी आपल्याकडून अपेक्षित आहे.

यावर लगेच एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. ‘पूर्वीचे स्थलांतर पोटासाठी होते. १९५६ नंतरचे शासनाने घडवून आणले.’ यात तथ्य आहे आणि ते आम्ही नाकारीत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळता सारा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर कार्यालयांची भाषा बदलली, नेमणुका बदलल्या, शाळांची मान्यता, पाट्या, सातबाऱ्याचे उतारे सारे बदलले. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाले आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून गावाचे अधिकृत नावही ‘बेळगावी’ झाले. राज्यसंस्था आपल्या बाजूने लोकसंख्येचा व अर्थकारणाचा कल वळवू शकते, आणि ती तसे करते, हे नाकारणे भाबडेपणाचे होईल. अशा धोरणाशी भांडलेच पाहिजे. १७ जानेवारी १९५६ चे आणि १ जून १९८६ चे हुतात्मे आपण विसरू शकत नाही.

परंतु धोरण वेगळे आणि माणूस वेगळा. बदलीवर आलेला कारकून, उद्यमबागेतील भट्टीपुढे उभा असलेला बिहारचा वा ओडिशाचा मजूर, गोकाक-बैलहोंगलकडून शहरात आलेला गवंडी, यांनी आपल्या मुलुखाचा नकाशा आखलेला नाही. शासनाचा राग मजुरावर काढणे सोपे असते, कारण मजूर प्रत्युत्तर देत नाही. सोपे आहे म्हणून ते योग्य होत नाही.

याहून महत्त्वाचे असे, की ‘बाहेरचे’ ही भाषा आपल्या स्वतःच्या दाव्याच्याच विरोधात जाते. सीमाप्रश्नी महाराष्ट्राने जी चार तत्त्वे मांडली, ती खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा अशी आहेत. त्यांत कोणाचा पणजोबा कोणत्या साली आला याला स्थान नाही. हा दावा रहिवाशांच्या इच्छेवर उभा आहे, मूळपुरुषाच्या वंशावळीवर नाही. त्याच बळावर आपण महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालावर टीका केली आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा चालू आहे. जो पक्ष लोकेच्छेचे नाव घेतो, त्याने लोकांतून निम्मे लोक ‘खरे नव्हेत’ म्हणून वगळायचे, हे तर्काला धरून नाही.

भूमिपुत्राचे शस्त्र दोन्ही बाजूंनी कापते, हे तर आपल्याइतके कोणालाच ठाऊक असायला नको. मुंबईत १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली ती नोकऱ्यांतील दाक्षिणात्यांविरुद्ध आवाज उठवीत. त्याच संघटनेने फेब्रुवारी १९६९ मध्ये बेळगावसाठी मुंबईत आंदोलन केले आणि त्यात माणसे प्राणास मुकली. एका शहरात कानडी माणूस उपरा आणि दुसऱ्या शहरात मराठी माणूस भूमिपुत्र, अशी ही मांडणी होती. आपण तिच्यावर टाळ्या वाजविल्या. कर्नाटकानेही तेच शस्त्र उचलले. १९८० च्या दशकातील सरोजिनी महिषी समितीने नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात अशी शिफारस केली, आणि जुलै २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांत स्थानिकांना व्यवस्थापकीय जागांत ५० टक्के व अन्य जागांत ७० टक्के आरक्षण देणारे विधेयक मंजूर केले. उद्योजकांच्या विरोधामुळे ते काही दिवसांतच स्थगित झाले. त्यातील ‘स्थानिक’ची व्याख्या पाहावी : राज्यात जन्म, पंधरा वर्षांचे वास्तव्य आणि कन्नड बोलता, वाचता, लिहिता येणे. शहापुरात सात पिढ्या राहिलेल्या आपल्या मुलाने शाळेत कन्नड नीट आत्मसात केले नसेल, तर या व्याख्येने तो आपल्याच गावात परका ठरतो. ‘बाहेरचे’ हा शब्द हवेत फेकला, की तो कोणाच्या डोक्यावर पडेल हे फेकणाऱ्याच्या हाती राहत नाही. भारताच्या संविधानाने अनुच्छेद १९ नुसार देशात कोठेही जाण्याचा व राहण्याचा हक्क दिला आहे. अनुच्छेद ३५० क ने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असे सांगितले आहे. पहिला हक्क त्या भट्टीवरच्या मजुराचा आहे, दुसरा आपला आहे. एक नाकारून दुसरा मागता येत नाही.

आता हिशेब. २००१ च्या जनगणनेत देशातील सुमारे ३१ कोटी माणसे स्थलांतरित म्हणून नोंदली गेली. २०११ मध्ये ती सुमारे ४५ कोटी झाली, म्हणजे शंभरांतील सदतीस. यांतील सर्वांत मोठा वाटा विवाहामुळे गाव बदललेल्या स्त्रियांचा. आजरा, गडहिंग्लज, कागल, चंदगड येथून येणाऱ्या आपल्या सुना आणि तिकडे दिलेल्या आपल्या मुली याच आकड्यात बसतात. सीमा कोणाची ओलांडली जाते आणि कोण ओलांडते, याचे हे सर्वांत घरगुती उदाहरण. १८८५ साली रेव्हनस्टाइन या अभ्यासकाने इंग्लंडच्या जनगणनेवरून स्थलांतराचे काही नियम सांगितले. बहुतेक माणसे जवळच्याच गावी जातात आणि प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो, हे त्यांतील दोन. बेळगावचे आकडे त्याच्याशी जुळतात. २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४२ लाखांवरून सुमारे ४८ लाख झाली. शहराची सुमारे ४ लाखांवरून ४ लाख ८८ हजार झाली. जिल्हा शेकडा तेराच्या आसपास वाढला, तर शहर शेकडा बावीसने. खेडी शहराकडे सरकत आहेत, हाच याचा पहिला अर्थ. दूरच्या परप्रांतीयांचा लोंढा हा नव्हे.

पण उलटा प्रवाह कोठे दिसतो? कोठेच नाही, आणि येथेच आपली फसगत आहे. शासकीय सेवेत असताना अशा नोंदवह्या आम्ही पुष्कळ हाताळल्या. जनगणनेचा प्रगणक आज घरात असलेल्या माणसाला विचारतो, ‘तुमचा जन्म कोठला? यापूर्वी कोठे राहत होता?’ येणाऱ्याची नोंद तो येथे करतो. गेलेल्याची नोंद तो गेला त्या गावी होते. त्यामुळे गावात आलेला प्रत्येक माणूस गावाच्या कागदावर दिसतो आणि गावातून गेलेला प्रत्येक माणूस गावाच्या कागदावरून नाहीसा होतो. त्याची जागा रिकामीही दिसत नाही. टिळकवाडीतील वा निपाणीतील मुलगा पुण्याला हिंजवडीत नोकरीस लागला, की पुण्याच्या कागदांत तो ‘कर्नाटकातून आलेला’ म्हणून नोंदला जातो. आपण येथे ज्याला मराठीचा आधार समजत होतो, तो तेथे परराज्यातील स्थलांतरिताचा आकडा होऊन बसतो. अशा नोंदी कोणी एकत्र वाचत नाही. आपण तर मुळीच वाचत नाही.

तेव्हा ज्येष्ठ वाचकांनी शासनाचे कागद सोडून आपल्या गल्लीचा कागद करावा. प्रत्येक घरासमोर दोन आकडे मांडावेत : गेल्या तीस वर्षांत या घरातून किती मुले-मुली पुणे, मुंबई, बंगळूर वा परदेशी गेली, आणि त्यांतील किती परतली. जुनी घरे कोणी बांधली आणि त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या सदनिकांत कोण राहतो, हेही लिहावे. मग विचारावे, की ते घर परक्याने बळकावले की आपण विकले. विक्रीपत्रावर सही कोणाची आहे?

अर्थकारणाची गोष्ट याहून कडवट आहे. एकेकाळी मुंबईच्या गिरणीतला चाकरमानी मनीऑर्डर गावी पाठवी. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्यांचा आधार तुटला, तोवर घाटावरच्या कितीतरी चुली त्या पैशावर पेटत होत्या. आज पैशाची दिशा उलटली आहे. बापाने बेळगावात मिळविलेले, जमिनीच्या विक्रीतून आलेले, आईच्या दागिन्यांचे पैसे पुण्यातील सदनिकेच्या पहिल्या हप्त्यात जातात. माणूस गेला, त्याच्यामागून भांडवल गेले, आणि त्या भांडवलावर येथे जो धंदा उभा राहिला असता तो राहिला नाही. ज्या समाजाचे श्रम व भांडवल दोन्ही बाहेर जातात, त्याच्या हाती गावात केवळ तक्रार उरते.

‘येथे नोकऱ्याच नाहीत’ असे म्हणण्याची पद्धत आहे. तेही पूर्ण खरे नाही. उद्यमबागेत ओतकामाचे व यंत्रभागांचे कारखाने आहेत, हत्तरगीस विमानांचे सुटे भाग बनतात, पलीकडे चंदगड तालुक्यात शिनोळीची औद्योगिक वसाहत बेळगावपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि निपाणीचे तरुण कागलकडे रोज जाऊन-येऊन काम करतात. ओतकामाच्या भट्टीवर आपला मुलगा उभा राहत नाही म्हणून ओडिशाचा उभा राहतो. निपाणीच्या हालसिद्धनाथ कारखान्यासारख्या साखर कारखान्यांचा ऊस तोडायला बीडकडील टोळ्या येतात, कारण तो कोयता आपण कधीच खाली ठेवला. आपण सोडलेल्या जागेवर जो आला, त्याने आपली जागा घेतली असे म्हणणे म्हणजे ओसरीवर टाकलेले जोडे कोणी उचलले म्हणून चोरीची तक्रार करणे होय.

निपाणीच्या वखारींनी या बाबतीत एक धडा घालून दिला होता. १९८० च्या सुमारास तेथील तंबाखू-कामगार स्त्रिया संघटित झाल्या आणि त्यांनी संप केला. त्यांत देवदासी होत्या, परित्यक्ता होत्या, निरनिराळ्या जातिधर्मांच्या बायका होत्या. प्रा. सुभाष जोशींसारखे कार्यकर्ते त्यांच्यासोबत उभे राहिले. पुढे १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू-उत्पादक शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला आणि एप्रिलमध्ये गोळीबार झेलला. त्या रस्त्यावर बसलेल्यांना कोणी मातृभाषा विचारली नाही. एका मुलखात काम करणाऱ्यांचे हित एक असते, ही जाणीव त्या अशिक्षित म्हटल्या गेलेल्या स्त्रियांना होती. आपल्या शिक्षित बैठकींना ती नाही.

आता शाळा. मराठी शाळांची पटसंख्या घटते तेव्हा आपण शासनाकडे बोट दाखवितो, आणि शासनाचा दोष आहेही. शिक्षकभरती रेंगाळते, पुस्तके वेळेवर येत नाहीत. परंतु ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्याच खटल्यात निर्णय दिला, की प्राथमिक शिक्षणाचे माध्यम मातृभाषाच असावे अशी सक्ती शासनास करता येणार नाही. निवड पालकांची. मग आपण काय निवडले? सभेत मराठीचा ठराव मांडणाऱ्यांची नातवंडे कोणत्या शाळेत जातात, हे ज्याचे त्याने आठवावे. इंग्रजी माध्यम ही पुण्याच्या गाडीची पहिली पायरी आहे, हे आपण जाणूनबुजून स्वीकारले. स्वीकारण्यास आमची हरकत नाही. मात्र त्याचे खापर शेजारच्या कानडी माणसावर फोडू नये.

येथे एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. महाराष्ट्र शासनाने ८६५ गावांच्या सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक शिक्षणात राखीव जागा ठेवल्या आहेत. हेतू चांगला आहे, अनेक घरांचे त्याने भले झाले, आणि ती सवलत बंद व्हावी असे आम्ही म्हणणार नाही. पण परिणाम पाहावा. आपला सर्वांत हुशार मुलगा त्या जागेवर जातो, तेथेच नोकरी धरतो, तेथेच घर करतो. ज्या मुलखासाठी सवलत दिली, त्या मुलखातूनच ती माणूस उचलून नेते. सवलतीला परतीची वाट जोडलेली नाही. सीमाभागात येऊन दवाखाना वा कारखाना काढणाऱ्यास अल्पव्याजी भांडवल द्यावे, ही मागणी आपण मुंबईकडे कधी लावून धरली आहे काय?

काही जण म्हणतील, मराठी संस्कृतीचा प्रश्न पोटाच्या प्रश्नाहून वेगळा आहे. नाही, तोच आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली कानडी घरात जन्मलेले कुमार गंधर्व मुंबईत शिकले, देवासला स्थायिक झाले आणि मराठी रसिकांनी त्यांना आपले मानले. गदगचे भीमसेन जोशी पुण्याचे झाले. विजापूर जिल्ह्यातील इंडीत जन्मलेल्या इंदिरा संतांनी आपले आयुष्य बेळगावात घालविले. उलट दिशेने, मराठी मातृभाषेच्या घरातील द. रा. बेंद्रे धारवाडात कानडीचे महाकवी झाले. या मातीचे वैभव असे येण्या-जाण्यातूनच वाढले. ज्यांच्या श्रीमंतीचा पाया स्थलांतर आहे, त्यांनी स्थलांतराला शाप देणे कृतघ्नपणाचे आहे.

मग करावे काय? पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख जाहीर झाली आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या संरक्षणांनुसार ज्या जिल्ह्यात, तालुक्यात वा नगरपालिकेत अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण शेकडा पंधरा वा अधिक, तेथे महत्त्वाच्या शासकीय सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात असा संकेत आहे. तेव्हा प्रत्येक आकडा मोलाचा आहे. प्रगणक येईल तेव्हा मातृभाषेच्या प्रश्नाला घरातील कर्त्याने घाईत उत्तर देऊ नये, आणि काय लिहिले ते वाचून पाहावे. हे झाले एका दिवसाचे काम.

दीर्घ काम तीन प्रकारचे आहे. पहिले, आपल्या पतसंस्थांनी घर आणि गाडी यांच्या कर्जांइतकेच कर्ज गावात राहून धंदा करणाऱ्या तरुणास द्यावे. दुसरे, पट कमी झालेल्या मराठी शाळांनी आपल्या गल्लीतील स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी दार उघडावे. जे मूल मराठीत बाराखडी गिरवील ते उद्या मराठीचेच असेल, मग त्याच्या बापाचे गाव गंजम असो वा गोपालगंज. आणि आपल्या मुलांनी कन्नड उत्तम शिकावे. ती शरणागती नव्हे, ती आपल्याच गावात उभे राहण्याची तयारी आहे. तिसरे, आपल्या साहित्यसंस्थेने गेलेल्यांची एक वही ठेवावी : कोण, कोणत्या साली, कोठे, कशासाठी गेले, आणि कशाने परत येतील. ज्या प्रश्नाची वही नाही त्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

सर्वोच्च न्यायालय उद्या आपल्या बाजूने निकाल देईल, अशी आशा आम्हीही बाळगतो. परंतु न्यायालय भूमी देऊ शकते, त्या भूमीवर राहणारी माणसे देऊ शकत नाही. ती आपल्याला ठेवावी लागतील. निकालाच्या दिवशी पेढे वाटायला गल्लीत कोण असेल, याचा विचार ज्यांना करावासा वाटत नाही, त्यांनी परक्यांच्या गर्दीची चिंता करू नये.